खराटा हाती घेणारे गाडगेबाबा

मुलामुलींनो, तुम्ही कधी सेमाडोहला गेला आहात का? अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या डोंगरात मेळघाटचे जंगल आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता या जंगलातून वळणे घेत जातो. याच रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, सेमाडोह हे लहानसे गाव आहे. चहूकडे सागाची उंच झाडे आहेत. मधून नदी वाहते. गावात कोरकू लोकांची नीटनेटकी, सारवलेली घरे आहेत. १९७३-७४ मध्ये वाघांच्या रक्षणासाठी आपल्या देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प सुरू झाले. त्यांत मेळघाटचा समावेश होता. वाघ, अस्वल, सांबर आणि रानगवे यांचे हे घर आहे.

एका हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल सेमाडोहला गेली होती. वर्गशिक्षिका म्हणून मी मुलांबरोबर होते. दुपारी नदीकाठी सर्वांनी डबे उघडले. पराठे, कबाब, उकडलेली अंडी आणि आपल्या अमरावतीची संत्री! जेवण झाले आणि मुले खेळायला धावली. मागे काय राहिले? कागदी ताटल्या, बिस्किटांच्या पुड्यांचे कागद, प्लास्टिकच्या पिशव्या आणि संत्र्यांच्या साली. वाऱ्याची झुळूक आली आणि दोन पिशव्या उडून पाण्यात पडल्या. खरे सांगते, माझेही तिकडे लक्ष नव्हते. माझ्या हातातला चहाचा रिकामा कप मी स्वतःच एका दगडाआड ठेवून दिला होता.

तेवढ्यात एक वयस्क कोरकू गृहस्थ तिथून चालले होते. ते थांबले. ते आमच्यावर रागावले नाहीत. एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी चपला काठावर काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरून त्या दोन पिशव्या बाहेर काढल्या आणि मग वाकून काठावरचा एकेक कागद उचलायला सुरुवात केली. मुलांनी हे पाहिले आणि खेळ थांबला. आधी एक मुलगी पुढे आली. मग दोन मुले आली. मग सारा वर्ग आला. मीही खाली मान घालून उठले आणि दगडाआडचा कप उचलला. अर्ध्या तासात नदीचा काठ साफ झाला. आम्ही त्या काकांचे आभार मानायला वळलो, तर ते केव्हाच निघून गेले होते.

परतीच्या प्रवासात मला आपल्याच अमरावती जिल्ह्यातील एका थोर माणसाची आठवण झाली. तो माणूसही असाच गावात येई, न बोलता झाडू लागे, लोकांना कामाला लावी आणि कोणी हार घेऊन येण्याआधी निघून जाई. त्या माणसाचे नाव संत गाडगेबाबा. त्या रात्री गाडीत मी मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. आज तीच गोष्ट तुम्हांला सांगते.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. हे गाव आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे नाव सखूबाई. जातीने ते परीट, म्हणजे धोबी. लोकांचे मळलेले कपडे धुऊन स्वच्छ करणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा होता. पुढे या मुलाने कपड्यांऐवजी गावेच्या गावे स्वच्छ केली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

डेबूजीचे बालपण सुखाचे नव्हते. वडिलांना दारूचे व्यसन लागले. व्यसनाने घर धुळीला मिळाले. शेत गेले, गुरे गेली आणि शेवटी वडीलही गेले. डेबूजी तेव्हा अगदी लहान होता. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी आली. तिचे माहेर दापुरे हे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात आहे. तिथे मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी वाढला. तो गुरे चारी, गोठा झाडी, नांगर धरी. शाळेचे तोंड मात्र त्याला पाहता आले नाही.

डेबूजी मोठा झाला तसा तो उत्तम शेतकरी बनला. गोठा लख्ख, बैल धुतलेले आणि शेताचे बांध नीट, अशी त्याची कामाची रीत होती. परंतु मामांच्या घरावर संकट आले. मामांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सावकाराच्या कागदांवर विश्वासाने अंगठे उठवले होते. कर्ज फिटत होते असे मामांना वाटे, पण कागदावर ते वाढतच गेले. अखेर जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामा वारले. दारू आणि अज्ञान माणसाचे काय करतात, हे डेबूजीने पुस्तकात वाचले नाही. त्याने ते आपल्या घरात पाहिले.

१८९२ मध्ये डेबूजीचे कुंताबाईशी लग्न झाले. पुढे त्यांना मुले झाली. पहिल्या मुलीच्या बारशाला एक प्रसंग घडला. त्या काळी जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागे. त्यासाठी माणसे कर्ज काढीत. डेबूजीने ठरवले, की कर्ज काढायचे नाही आणि दारू पाजायची नाही. त्याने पंगतीला साधे गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, पण डेबूजी बदलला नाही. वडिलांचा जीव ज्या दारूने घेतला, ती त्याच्या घरात पुन्हा येणार नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. तेव्हा त्याचे वय एकोणतीस वर्षांचे होत आले होते. मागे म्हातारी आई होती, तरुण पत्नी होती, लहान मुले होती. मुलांनो, थोर माणसांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग पटकन ओलांडून पुढे जातो. तसे करू नये. डेबूजीने जे व्रत घेतले, त्याची किंमत सखूबाईने आणि कुंताबाईनेही मोजली. घरचा कर्ता माणूस गेल्यावर त्यांना कष्ट करून दिवस काढावे लागले. म्हणून गाडगेबाबांच्या कामाचा मान जेव्हा आपण देतो, तेव्हा त्यातला काही वाटा या दोघींचाही आहे.

घर सोडल्यावर डेबूजी गावोगाव फिरू लागला. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले कापड असे. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असे. एका हातात काठी किंवा खराटा असे. खराटा म्हणजे काड्यांचा मोठा झाडू. बरोबर एक फुटके गाडगे, म्हणजे मातीचे लहान मडके असे. ऊन लागले तर ते गाडगे डोक्यावर ठेवायचे. भूक लागली तर त्यातच भाकरी घेऊन खायची. तहान लागली तर त्यातूनच पाणी प्यायचे. हे गाडगे पाहून लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी चिंधेबाबाही म्हणत.

आता बाबांच्या कामाची पद्धत पाहा. एखाद्या गावात शिरले, की ते कोणाच्या ओट्यावर जाऊन बसत नसत. आपण कोण आहोत हेही सांगत नसत. सरळ खराटा काढत आणि रस्ता झाडू लागत. जिथे सर्वांत जास्त घाण, तिथून सुरुवात होई. गटार तुंबले असेल तर ते मोकळे करीत. विहिरीभोवतीचा चिखल काढीत. रस्त्यातले दगड आणि काटे बाजूला करीत. प्रथम लोक हसत. कोणी वेडा म्हणे. कोणी हाकलून देई. बाबा उत्तर देत नसत. ते काम करीत राहत. तासाभराने एखादे लहान मूल जवळ येई. मग एखादी म्हातारी आपल्या दारापुरते झाडू लागे. मग एखाद्या तरुणाला लाज वाटे आणि तो फावडे घेऊन येई. दिवस मावळेपर्यंत निम्मे गाव रस्त्यावर उतरलेले असे.

काम झाल्याशिवाय बाबा भाकरी घेत नसत. फुकटची भाकरी त्यांना चालत नसे. कोणी पाया पडायला आले तर ते मागे सरत. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही आणि कोणाचे गुरू म्हणवून घेतले नाही.

रात्री, दिवसभर झाडलेल्या त्याच जागेवर त्यांचे कीर्तन होई. कीर्तन म्हणजे देवाचे नाव घेत, गोष्टी सांगत केलेला उपदेश. बाबांचे कीर्तन आपल्या वऱ्हाडी बोलीत असे. ते एकटेच बोलत राहत नसत. लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. हसता हसता माणसाला आपली चूक कळत असे. दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, हुंडा घेऊ नका, देवाच्या नावाने मुक्या जनावराचा बळी देऊ नका, शिवाशिव पाळू नका आणि काहीही झाले तरी मुलांना शाळेत पाठवा, हे त्यांच्या कीर्तनाचे विषय होते. घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, पण मुलांचे शिक्षण थांबवू नये, असे ते समजावून सांगत. ज्यांना स्वतःला शाळा मिळाली नाही, त्यांचे हे सांगणे होते.

तुम्ही म्हणाल, की रस्ता झाडणे यात एवढे मोठे काय आहे? मुलांनो, दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली गोष्ट म्हणजे त्या काळची रोगराई. शंभर वर्षांपूर्वी यात्रा आणि जत्रा यांतून पटकी, म्हणजे कॉलरा हा रोग पसरत असे. हजारो माणसे एका नदीकाठी जमत. तिथेच स्वयंपाक, तिथेच उष्टे, तिथेच शौच आणि तिथलेच पाणी पिण्यासाठी. घाण पाण्यातून पोटात जाई आणि माणसे दगावत. साथ यात्रेकरूंबरोबर त्यांच्या गावापर्यंत जाई. त्यामुळे नदीचा काठ स्वच्छ करणारा माणूस केवळ कचरा उचलत नव्हता. तो माणसांचे जीव वाचवत होता.

दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. झाडू हातात घेणे हे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. घाण सर्वांनी करायची आणि ती उचलण्याचे काम मात्र काही ठरावीक जातींच्या माथी मारायचे, अशी रूढी होती. जे सफाई करीत, त्यांनाच समाज दूर ठेवी. बाबांनी खराटा हातात घेतला तेव्हा या रूढीलाच धक्का बसला. बाबांच्या मागे पाटील झाडू लागला, सावकार झाडू लागला, दुकानदार झाडू लागला. ज्याने घाण केली त्यानेच ती उचलावी, हा साधा न्याय लोकांना डोळ्यांनी दिसला.

बाबांची पद्धत नीट समजून घ्यायची असेल तर ऋणमोचनच्या यात्रेची गोष्ट ऐका. ऋणमोचन हे अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यातले, पूर्णा नदीकाठचे गाव. पौष महिन्यातील रविवारी तिथे मोठी यात्रा भरते. लोक नदीत स्नान करतात आणि देवदर्शन घेतात. बाबांच्या वेळी नदीवर उतरायला धड वाट नव्हती. काठावर चिखल असे. म्हातारी माणसे आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया घसरून पडत. हजारो लोक हे दरवर्षी पाहत, हळहळत आणि घरी जात.

बाबांनी हळहळ केली नाही. त्यांनी फावडे घेतले. काठ खणून, चिखल बाजूला सारून ते उतरायला वाट करू लागले. लोकांनी पाहिले, काहींनी मदत केली. पण पावसाळ्यात पूर्णेला पूर येई आणि केलेली वाट वाहून जाई. दरवर्षी तेच काम पुन्हा करावे लागे. तेव्हा बाबांच्या ध्यानात आले, की नुसती सफाई पुरेशी नाही. घाण आणि चिखल पुन्हा होऊ नये यासाठी पक्का उपाय करायला हवा. त्यांनी लोकांना आवाहन केले. लोकांनी वर्गणी दिली, श्रमदान केले आणि ऋणमोचनला पूर्णेवर दगडी घाट उभा राहिला. यात्रेत आंधळ्या, पांगळ्या आणि गरीब लोकांना जेवण देण्याची प्रथाही बाबांनी तिथे सुरू केली.

पंढरपूरलाही त्यांनी हेच केले. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला तिथे लाखो वारकरी येतात. बाबाही जात, पण देवळाच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा चंद्रभागा नदीचे वाळवंट झाडण्यात त्यांचा वेळ जाई. वाळवंट म्हणजे इथे नदीकाठची वाळू. बरोबरची माणसेही झाडत. मग बाबांनी पुढचा प्रश्न विचारला. लोक उघड्यावर का राहतात? कारण गरिबांना उतरायला जागा नाही. आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना तर कोणी ओसरीवरही उभे करीत नसे. म्हणून बाबांनी देणग्या जमवून पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली. धर्मशाळा म्हणजे प्रवाशांना राहण्यासाठी बांधलेली मुसाफिरखान्यासारखी इमारत. पुढे नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा अनेक ठिकाणी त्यांच्या प्रयत्नांनी धर्मशाळा झाल्या.

एवढा पैसा हातातून गेला, पण बाबांनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी वापरला नाही. ज्या धर्मशाळा त्यांनी बांधल्या, त्यांत ते स्वतः सुखाने राहिले नाहीत. त्यांची भाकरी फुटक्या गाडग्यातच राहिली.

१९२३ मध्ये त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले. ते कोकणात कीर्तन करीत असताना त्यांचा तरुण मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. बाबा क्षणभर थांबले. समोर शेकडो माणसे बसली होती. त्यांनी कीर्तन सोडले नाही, ते पूर्ण केले. जगात रोज किती आईबापांची मुले जातात आणि आपण त्या सर्वांसाठी रडतो का, असा विचार त्यांनी लोकांपुढे ठेवला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांना एकमेकांविषयी फार आदर होता. एक मोठे विद्वान, तर दुसरे निरक्षर. परंतु दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे माणसाला माणसासारखे वागवणे. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणकार्यासाठी दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराड येथे काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव दिले. आपली कामे पुढे चालू राहावीत म्हणून १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन ही संस्था स्थापन झाली. अमरावती जिल्ह्यातीलच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेही त्यांचे समकालीन. त्यांनीही ग्रामसफाईचा प्रसार केला.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर यांचे निधन झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ, प्रवासातच गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. आपले स्मारक किंवा पुतळा उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. तरीही लोकांच्या प्रेमाला कोण अडवणार? अमरावतीत त्यांची समाधी आहे. १९९८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. २००० साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावेच्या गावे श्रमदानाने स्वच्छ झाली आणि स्वच्छ गावांना बक्षिसे मिळाली. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याने कधी शाळा पाहिली नाही, त्याच्या नावाच्या विद्यापीठातून आज मुले पदवी घेतात!

मुलांनो, गाडगेबाबा गेले, पण त्यांची रीत जुनी झालेली नाही. एक अलीकडचे उदाहरण सांगते. मुंबईत वर्सोवा येथे समुद्रकिनारा आहे. तिथे प्लास्टिकचे ढीग साचले होते. अफरोज शाह नावाच्या तरुण वकिलांनी २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तो कचरा उचलायला सुरुवात केली. दोघेच होते. शनिवार-रविवार ते किनाऱ्यावर जात. हळूहळू शेजारी आले, कोळी बांधव आले, शाळेतील मुले आली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अफरोज शाह यांचा मोठा पर्यावरण पुरस्कार देऊन गौरव केला. २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. किनारा साफ झाला, तेव्हा कासवांना वाट मिळाली.

आता पुन्हा आपल्या सेमाडोहच्या नदीकाठी येऊ. नकाशा उघडा आणि बोट फिरवा. सेमाडोहची सिपना नदी वाहत जाऊन तापीला मिळते. ज्या पेढी नदीजवळ बाबांनी प्राण सोडला, ती पूर्णेला मिळते. ज्या पूर्णेवर बाबांनी घाट बांधला, ती पूर्णाही पुढे चांगदेव येथे तापीला मिळते. म्हणजे आपल्या वर्गाच्या दोन पिशव्या त्या दिवशी वाहून गेल्या असत्या, तर त्या बाबांच्या नद्यांच्या पाण्यातच मिसळल्या असत्या. तिथून पुढे सुरतजवळ समुद्रात गेल्या असत्या. नाही तर वाटेत एखाद्या सांबराच्या पोटात गेल्या असत्या.

आपण नमाजाआधी वजू करतो. आपला शेजारी पूजेआधी आंघोळ करतो. आपले हातपाय साफ, आपले कपडे साफ, आपले अंगण साफ. पण अंगणाबाहेरचा रस्ता कोणाचा? नदीचा काठ कोणाचा? बाग आणि बसस्थानक कोणाचे? तिथे आपण म्हणतो, की हे माझे नाही. गाडगेबाबांनी जन्मभर हेच शिकवले, की जी जागा कोणा एकाची नसते ती सर्वांची असते, म्हणून तिची सफाईही सर्वांची असते. ‘साफ’ आणि ‘सफाई’ हे शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही. शब्द दोन्ही भाषांचा आहे, मग कामही दोन्ही भाषांच्या मुलांनी मिळून करायला काय हरकत आहे?

तुमच्या वर्गाला असे काम करायचे असेल तर बाबांची रीत वापरा. आधी एक लहानशी जागा निवडा. सारे गाव एका दिवसात साफ होत नाही. शिक्षकांना आणि पालकांना सांगा. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला आधी कळवा, म्हणजे गोळा केलेला कचरा न्यायला गाडी येईल. जंगलात काम करायचे असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. हातात हातमोजे घाला किंवा जाड पिशवी गुंडाळा. काच, पत्रा आणि सुया यांना लहान मुलांनी हात लावू नये. खोल पाण्यात उतरू नये. ओला कचरा वेगळा आणि सुका कचरा वेगळा ठेवा. प्लास्टिक पेटवू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि एक गोष्ट विसरू नका. कोणता कचरा किती सापडला ते वहीत लिहा. पिशव्या जास्त असतील तर कापडी पिशव्यांचा उपाय शोधा. कचराकुंडी नसेल तर ती मागून घ्या. हाच तुमचा ऋणमोचनचा घाट आहे. तो बांधला नाही, तर पुढच्या आठवड्यात चिखल पुन्हा जमेल.

पुढच्या वर्षी आमची शाळा पुन्हा सेमाडोहला गेली. या वेळी मुलांनी पत्र्याचे डबे आणले होते. जेवण झाल्यावर कोणी खेळायला धावले नाही. आधी सर्वांनी जागा झाडली. आमचा कचरा तर नव्हताच, पण आमच्याआधी येऊन गेलेल्या कोणाचा तरी होता. तो आमचा नाही, असे एकाही मुलाने म्हटले नाही. मी त्या काकांना शोधत होते. ते दिसले नाहीत. नदीचे पाणी मात्र तळातले गोटे दिसतील इतके नितळ होते.

स्वाध्याय

१. सेमाडोहच्या नदीकाठी कोरकू काकांनी काय केले? मुले खेळ सोडून का आली?
२. मामांची जमीन का गेली? त्यातून डेबूजी काय शिकला?
३. ऋणमोचनला नुसती वाट करणे पुरेसे का नव्हते?
४. गाडगेबाबांच्या कामात सखूबाई आणि कुंताबाई यांचाही वाटा आहे, असे का म्हटले आहे?
५. उपक्रम : तुमच्या शाळेजवळची एक सार्वजनिक जागा निवडा. तिथे सापडणाऱ्या कचऱ्याची यादी करा आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून एक उपाय पाच वाक्यांत लिहा.